हातचा

मे महिन्यात नगरपालिकेचं जाड पाकीट येतं
व्हॉल्व्हच्या कारखान्यात, माझ्या टेबलावर.
एकशे बारा माणसं, एकशे बारा आकडे:
जूनपासून कोणाच्या पगारातून रहिवासी कर किती कापायचा.
पगार मीच काढते.
त्यामुळे न बसणारा आकडा
दातात अडकलेल्या तिळासारखा लगेच लागतो.

तसा कळला मला पॅकिंगमधला हिरोबे.
कुठेतरी काहीतरी करतो. दोन वर्षं करतोय.
विचारलं नाही, कागद पालटला.
आमच्याकडे जोडकामाला परवानगी लागते,
आणि ती मागायला साहेबांच्या खोलीत
टोपी काढून उभं राहावं लागतं.

मी तरी कुठे मागितली.

शनिवारी मी पियानो लावते.
वडील लावायचे; त्यांची चावी माझ्याकडे आली,
मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजलेली, माझा अंगठा तिथे बसत नाही.
गेल्या वर्षी चौदा पियानो, दर पंधरा हजार येन.
शाळेचे दोन, एका दंतवैद्याचा,
इनामीच्या कामेईबाईंचा, जो कोणी वाजवत नाही
पण नवरा गेल्यापासून त्या दर हिवाळ्यात लावून घेतात.
निघताना हातात वाळवलेल्या पर्सिमनची माळ देतात.

फेब्रुवारीत बर्फ खिडकीच्या अर्ध्यावर आला
तेव्हा पावत्या पसरून बसले.
दोन लाख दहा हजार. त्यातून बसभाडं,
नमदा, तारेची दोन वेटोळी. वजा सतरा हजार चारशे.
पर्सिमनला रकाना नव्हता.
उरले एक लाख ब्याण्णव हजार सहाशे.
भाऊजी म्हणाले, दोन लाखांच्या आत, सुटलीस.

खिडकीवरचा मुलगा माझ्या मुलीपेक्षाही लहान.
म्हणाला, आयकरातून सुटलात, ओताकीबाई.
रहिवासी कराला ती सूट नाही.
इथे सांगावंच लागतं.
आणि अर्ज माझ्याकडे सरकवला, पेन्सिलीसकट.

खाली दोन चौकोन होते.
जादा कर पगारातून कापावा.
जादा कर मी स्वतः भरेन.

बारा पंचम एकापाठोपाठ अगदी शुद्ध लावले
तर शेवटचा सूर पहिल्याशी मिळत नाही,
जरासा पुढे निघून जातो.
तो जादा तुकडा बाराजणांत वाटायचा,
प्रत्येकाच्या गोडव्यातून केसभर काढून.
ऐकणाऱ्याला कळत नाही,
पण काढलं नाही तर पेटीवर धड काही वाजत नाही.
केसभर, वडील म्हणायचे, त्याहून जास्त घेतलंस तर कान पकडीन.
म्हणून भरण्याचं मला काही वाटलं नाही.
चौकोनाचं वाटलं.

पहिल्यावर खूण केली
तर मेमध्ये माझा आकडा माझ्याच टेबलावर येणार,
दातात तीळ, आणि लपवायचं कोणापासून?
तरी दुसऱ्यावर केली.
आकडे मात्र सगळे खरे लिहिले, हातचं न राखता.
मग परतीच्या ट्रामभर एकच विचार,
की खरं सांगूनही
माणूस चोरासारखा का उतरतो पायऱ्या.

या मेमध्ये पाकीट फोडलं.
माझा आकडा पगाराला तंतोतंत. अपेक्षितच.
हिरोबेचाही तंतोतंत.

एक तर त्याने ते सोडलं,
नाहीतर त्याला दुसरा चौकोन सापडला.
दिवसभर मला पहिलंच खरं वाटत राहिलं
आणि उगाच वाईट वाटलं,
जे मी कधी पाहिलं नाही त्याचं.

दुपारी चहाच्या यंत्रापाशी तो माझ्या पुढे होता.
नाणं टाकताना त्याची बोटं दिसली:
नखांच्या कडेला निळा रंग,
घासूनही न गेलेला.
त्याने माझ्या तळहाताकडे पाहिलं,
चावीने उठवलेल्या घट्ट्याकडे.

तुम्ही आधी घ्या, म्हणाला.
मी आधी घेतला.